दोन झुडपांमधली जमीन मोकळी नसते

संपादक महोदय,

वाळवंटी प्रदेशात झाडे लावण्याच्या आणि सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याच्या योजनांवरचा लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे. मात्र दोन झुडपांच्या मधली जागा मोकळीच पडली आहे, तेव्हा ती हवी तशी वापरायला हरकत नाही, हे त्यात पहिल्यापासून धरून चालले आहे. मी निवृत्त होईपर्यंत महाविद्यालयात शैवाल आणि बुरशी शिकवत होते, त्यामुळे यावर गप्प बसवत नाही. लेखासोबतच्या छायाचित्रात काळपट, बारीक उंचवट्यांची जमीन आणि तिच्यावरून गेलेले जीपचे माग दिसतात. माझ्या मते त्या छायाचित्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती जमीनच आहे, आणि लेखात तिच्याबद्दल एक शब्दही नाही.

कोरड्या प्रदेशांत मातीच्या अगदी वरच्या काही मिलिमीटरांत सायनोबॅक्टेरिया (उन्हावर स्वतःचे अन्न बनवणारे जिवाणू), शैवाल, बुरशी, दगडफूल आणि मॉस एकत्र नांदतात आणि मातीचे कण बांधून एक जिवंत पापुद्रा तयार करतात. जगातल्या सुमारे १२ टक्के जमिनीवर असा पापुद्रा आहे. त्याची सुरुवात बहुतेक ठिकाणी मायक्रोकोलियस नावाचा सायनोबॅक्टेरियम करतो. याचे धागे चिकट आवरणात जुडीने राहतात. माती भिजली की आवरण फुगते, धागे त्यातून सरकत पृष्ठभागाशी येतात आणि जमीन काही मिनिटांत हिरवट दिसू लागते. माती वाळली की ते पुन्हा खाली जाऊन निपचित पडतात. मागे राहिलेली रिकामी आवरणेही कणांना धरून ठेवतात. कोरड्या पापुद्र्याचा तुकडा काचेच्या बशीत ठेवून त्यावर पाणी टाकले, की प्रात्यक्षिकाला कंटाळलेली मुलेसुद्धा सूक्ष्मदर्शकापुढून हलायची नाहीत.

या मायक्रोकोलियसला हवेतला नायट्रोजन वापरता येत नाही. ते काम नॉस्टॉक आणि सायटोनिमा हे दुसरे सायनोबॅक्टेरिया, कोलेमा नावाचे दगडफूल अशी मंडळी करतात, आणि एरवी नापीक राहिली असती अशा मातीला खत मिळते.

आता धुळीविषयी. हा पापुद्रा नसता तर जगभरात वाऱ्याबरोबर किती धूळ उडाली असती, याचा हिशेब २०२२ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. पापुद्र्यामुळे धुळीचे उत्सर्जन सुमारे ६० टक्क्यांनी कमी राहते, असा त्यातला अंदाज आहे. धूळ उडाली तर फक्त वाळवंटातल्या लोकांच्या डोळ्यांत जाते असेही नाही. अमेरिकेत कोलोरॅडो पठाराची तुडवलेली माती उडून रॉकी पर्वतातल्या बर्फावर बसते. मळकट बर्फ जास्त ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. हिमाचे आवरण लवकर गेल्याने बाष्पीभवन वाढते, आणि त्यापायी कोलोरॅडो नदीचे सुमारे ५ टक्के पाणी कमी होते, असे २०१० मधल्या एका अभ्यासाने मांडले.

पाण्याच्या बाबतीत मात्र पापुद्र्याची भलामण करणारेही घाई करतात. तो सगळीकडे पाणी मुरवतो असे नाही. थंड वाळवंटातला खडबडीत पापुद्रा पाणी अडवतो, तर इस्रायलमधल्या नेगेव्हसारख्या उष्ण वाळवंटातल्या गुळगुळीत पापुद्र्यावरून ते वाहून जाते. पण वाहून ते उतारावरच्या झुडपांच्या मुळाशीच पोहोचते, आणि त्या झुडपांना नुसत्या पावसातून मिळाले असते त्याहून जास्त पाणी मिळते. म्हणजे झुडूप जगते ते शेजारच्या 'मोकळ्या' जागेच्या जिवावर! ती जागा नांगरून तिथे आणखी रोपे लावण्याचा सल्ला म्हणूनच मला धोक्याचा वाटतो.

तुडवल्याने काय होते हे पाहायचे असेल तर इस्रायल आणि इजिप्त यांच्या सीमेची उपग्रहचित्रे पाहावीत. वाळू एकच, पाऊसही तोच, पण इजिप्तच्या बाजूला गुरे चरत आली म्हणून जमीन उजळ दिसते आणि पलीकडे ती गडद आहे. हा फरक आधी झाडाझुडपांचा समजला गेला. पुढे संशोधकांनी दाखवले की गडद रंग मुख्यतः पापुद्र्याचा आहे. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात १९४२ ते १९४४ या काळात रणगाड्यांचा सराव झाला, त्याच्या खुणा अजून दिसतात. पापुद्रा भरून यायला दशके लागतात, आणि दगडफुले परतायला कधीकधी त्याहूनही बराच जास्त काळ.

लेखात चीनमधल्या शापोतोऊचे कौतुक आहे, ते योग्यच आहे. रेल्वेमार्ग वाळूत गडप होऊ नये म्हणून १९५६ पासून तिथे गवताच्या काड्या रोवून एक-एक मीटरचे चौकोन आखले आणि त्यांत झुडपे लावली. पुढची गोष्ट लेखातून सुटली. वाळू स्थिरावल्यावर तिथे पापुद्रा आपोआप धरला, वरचे पाणी तोच घेऊ लागला, आणि लावलेली खोल मुळांची झुडपे हळूहळू विरळ झाली. जमीन तरीही उडत नाही. तिथल्या तुटपुंज्या पावसात टिकू शकणारे आवरण मुख्यतः हा पापुद्राच आहे.

माझा सौरऊर्जेला विरोध नाही. उलट पॅनेलच्या सावलीत पापुद्रा उघड्यावरच्यापेक्षा चांगला वाढतो, असे ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांना २०२३ मध्ये आढळले, आणि तिथून तो उचलून उजाड जमिनींवर पेरता येईल असे त्यांनी सुचवले आहे. हे साधायचे तर आधी बुलडोझरने सगळी जमीन खरवडून सपाट करण्याची पद्धत थांबायला हवी. खांब रोवून वर पॅनेल बसवता येतात, अवजड वाहनांना एकच वाट आखून देता येते. पुरवणीत या विषयाचा पुढचा भाग येणार असल्याचे म्हटले आहे. जमीन 'तयार' करण्यावर नेमका किती खर्च धरला आहे आणि तिथे कोणती यंत्रे फिरणार आहेत, हे त्या लेखकांनी प्रकल्पवाल्यांना जरूर विचारावे.

आपली नम्र,
वनस्पतिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका