निवृत्तीनंतर गेलेल्या जवानांची नावेही कोरा

महोदय,

14 एप्रिलला अग्निशमन दलाच्या शहीद जवानांना मानवंदना दिली जाते. 1944 साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि दलाचे 66 जण गेले. 2015 च्या काळबादेवीच्या आगीने चार अधिकारी नेले. त्यांचा मान त्यांना मिळतो, मिळालाच पाहिजे. मी लिहितो आहे ते आगीतून धडधाकट परतलेल्या आणि पुढे कर्करोगाने गेलेल्या जवानांबद्दल.

माझ्याच पाळीतला एक लीडिंग फायरमन निवृत्तीनंतर मूत्राशयाच्या कर्करोगाने गेला. तंबाखूला आयुष्यात शिवला नव्हता, तरी भेटायला येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारायचा. अंत्ययात्रेला दलाकडून अधिकृतपणे कोणी आले नाही. जुन्या केंद्रावरची चार पोरं ड्यूटी संपवून स्वतःहून आली. कागदावर नोंद झाली ती ‘आजाराने निधन’ एवढीच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकाचे काम हेच कर्करोगकारक ठरवले, तेही सर्वांत वरच्या गटात. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, या दोन्हींबाबत पुरावा पुरेसा आहे, असे तिने म्हटले. आम्हा जुन्या लोकांना त्यात नवल वाटले नाही. ज्वाळा असतात तोवर श्वसनयंत्र तोंडावर असते. आग आटोक्यात आली की ते काढून ठेवायचे आणि धुमसणाऱ्या गाद्या, फोम, वायरी तासन् तास उपसत बसायचे. विषारी धूर तेव्हाच जास्त पोटात जातो. काजळी घामेजल्या कातडीतूनही शिरते. वर तोच काजळलेला गणवेश आम्ही घरी नेऊन धुवायचो. काळाकुट्ट गणवेश म्हणजे मर्दुमकी, अशी आमची समजूत!

न्यूयॉर्कच्या दलाने 11 सप्टेंबर 2001 रोजी 343 जण गमावले. कोसळलेल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्याच्या धुळीने झालेल्या आजारांनी गेलेल्यांचा आकडाही 2023 मध्ये 343 वर पोहोचला. त्यांची नावे मुख्यालयातल्या वेगळ्या भिंतीवर कोरली जातात. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताने तर 2002 मध्येच कायदा केला: ठरावीक वर्षे सेवा केलेल्या जवानाला ठरावीक कर्करोग झाला, तर तो कामामुळेच झाला असे धरून चालायचे. आपल्याकडे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा होता, अग्निशमनाचे काम मात्र नव्हते. मग तीस वर्षांपूर्वी कोणत्या गोदामाचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे होते, याचा पुरावा जवानाच्या बायकोने कुठून आणायचा?

आगीची वर्दी किती वाजता आली, कोणता बंब निघाला, याची नोंद केंद्रावर होतेच. आत कोण किती वेळ होता आणि काय जळत होते, हेही जवानाच्या सेवापुस्तकात चढवावे. निवृत्तांची दरवर्षी तपासणी व्हावी, कारण हे रोग बहुधा पेन्शन सुरू झाल्यावरच डोके वर काढतात. स्मारकावर या मंडळींसाठी वेगळी पाटी लावावी. माझ्या मित्राचे नाव तिच्यावर यावे की नाही, ते वैद्यकीय मंडळाने ठरवावे. पण त्यासाठी अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, एवढे तरी त्याच्या घरच्यांना कोणी सांगेल का?

– एक निवृत्त अग्निशामक, डोंबिवली