दर्जांत सिमेंट नको

प्रिय सुधीर,

गणपतीनंतर एक ओळ खरडली नाही, शिव्या राखून ठेव. गुडघा आहे तसाच. विषयावर येतो, कारण हे दुसऱ्या कुणापुढे काढलं की माणसं घड्याळ बघतात.

तुझ्याकडच्या चर्चच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटनं भरायचं घाटतंय म्हणे. थांबव बाबा! समितीला आधी कुलाब्याचं अफगाण चर्च दाखव. 1847 साली पायाभरणी, 1858 मध्ये प्रार्थना सुरू; 198 फुटी मनोरा मात्र 1865 पर्यंत रखडला. बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत. त्यावरचा तुझा लांबलेल्या प्रवचनाचा विनोद पाठ झालाय, लिहू नकोस. आणि तुझा तो विलायती वास्तुकार बटरफील्ड, ज्याला तू सगळं श्रेय देतोस! आतला जाळीपडदा, फरश्या त्याच्या, कबूल. पण इमारत इंजिनीअर कॉनीबेअरचीच, ज्यानं विहार तलावाचं पाणी मुंबईला आणलं.

तर त्या भिंती कुर्ल्याच्या दगडाच्या, खांब-कमानी पोरबंदरी. पोरबंदरी दगड पाणी पितो आणि सोडतो. दर्ज दगडापेक्षा मऊ हवी, म्हणजे ओल तिच्यातून बाहेर पडते. सिमेंटनं ती वाट बुजली की पाणी दगडातून निघतं, खारं मीठ दगडाच्या पृष्ठभागाआड साठून फुगतं आणि पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी दगड खोल गेलेला नि सिमेंटच्या रेघा पुढे आलेल्या, हाडं निघालेल्या बैलासारख्या. मग तेच सिमेंट काढताना दगडाच्या कडा फुटतात.

गवंड्याला सांग, ग्राइंडर लावायचा नाही, छिन्नीच. दर्ज रुंदीच्या दुप्पट खोल मोकळी करायची, निदान इंचभर. धूळ धुवायची, दगड भिजवायचा. मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन, थोडी सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. खोल दर्ज एका दमात भरली तर चुना तडकतो, म्हणून दोन थरांत. कडेपासून किंचित आत दाबायची. दगडाच्या तोंडावर चुना फासला तर पातळ कड लगेच उडते. वर ओलं गोणपाट, आठवडाभर तरी. उन्हात घाई केली की भुकटीच हातात येते. काम दिवाळीनंतर.

"चुना महाग" म्हणतील. त्यांना दगड बदलायचा खर्च विचार.

धाकटीचं कॉलेज ठरलं का? वहिनींना नमस्कार. कंत्राटावर सही होण्याआधी फोन कर.

तुझा,
विनू