सहाचं गाव

टोरांटो

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. थंडी अजून पडलेली नाही, तेव्हा आजीला म्हणावं, स्वेटरची घाई नको.

परवा बसस्टॉपवर फजिती झाली. एका पोरानं विचारलं, "सिक्समध्ये येऊन किती दिवस झाले?" मी म्हणालो, "सहा नाही, चार महिने." तो खो खो हसला. सिक्स म्हणजे टोरांटोच! कुणी म्हणतं, इथल्या फोनचा जुना कोड 416 आणि नंतरचा 647, दोन्हींत सहा आहे म्हणून. कुणी म्हणतं, 1998 साली सहा नगरपालिका एकत्र करून आजचं शहर केलं म्हणून. ड्रेक नावाच्या इथल्याच गायकानं ते नाव जगभर नेलं.

माझ्या सत्तरीच्या घरमालकांना मात्र ते सिक्स-बिक्स चालत नाही. त्यांच्या तोंडी हॉगटाउन, म्हणजे डुकरांचं गाव. एकोणिसाव्या शतकात विल्यम डेव्हिस नावाच्या माणसाचा इथं डुकराच्या मांसाचा मोठा कारखाना होता. माल बोटीनं इंग्लंडला जायचा. वाटेत टिकावं म्हणून खारवलेलं मांस वाळल्या पिवळ्या वाटाण्याच्या पिठात घोळवत. आता मक्याचं पीठ लावतात. सेंट लॉरेन्स मार्केटात त्याचे भाजलेले काप पावात घालून देतात, कडेला पिठाची पिवळी किनार तशीच दिसते. मी खाल्लं. (आईला वाचून दाखवताना ही ओळ गाळा.)

आजूबाजूच्या गावांचा अर्थ निराळा. सगळं ओरबाडून आपल्याच घशात घालणारं शहर, म्हणून हॉग! मला कारखान्यापेक्षा हेच जास्त खरं वाटतं. शेजारी काही उगीच नावं ठेवत नाहीत. त्याआधी, 1834 पर्यंत, गावाचं नाव यॉर्क होतं, तेव्हा रस्त्यांवरच्या चिखलावरून त्याला मडी यॉर्क म्हणत. पावसाळ्यातला आपला बोळ आठवला.

पण डोक्यात घोळतंय ते सिक्सच. गावभागातून फिरवताना तुम्ही सांगायचात, सहा गल्ल्यांचं गाव म्हणून सांगली. मी बोटं मोडत गल्ल्या मोजायचो. घरमालकांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्या सहांची नावं घे." आणि धडाधड म्हणून दाखवली: टोरांटो, यॉर्क, ईस्ट यॉर्क, नॉर्थ यॉर्क, एटोबिको, स्कारबरो. मग म्हणाले, "आता तुझ्या सहा सांग."

तेवढ्या लिहून पाठवा. मागच्या वेळी तुम्ही पाचच सांगितल्या होत्या.

आपला,
बाळू