डोळे मिटून शिकवण्याबद्दल

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज वाचला. पोरं वहीत सगळं बरोबर लिहितात आणि बोलायला उभं केलं की दातखीळ बसते, हे वाचून हसूच आलं, कारण हे सगळ्यांकडे असंच आहे रे. १९८६ मध्ये इलेन हॉरविट्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी या भीतीसाठी ३३ वाक्यांची एक प्रश्नावलीच केली, म्हणजे बघ. तुझ्या जर्मनच्या वर्गात वेगळं काही बिघडलेलं नाहीये.

बोलायच्या आधी पोरांना रिलॅक्स करून काही फरक पडेल का, असं तू विचारलंस, तर लोझानोव्हचं नाव ऐकलं असशीलच. बल्गेरियातला मानसोपचारतज्ज्ञ, १९६६ मध्ये सोफियात त्याची संस्था निघाली आणि पद्धतीचं नाव सजेस्टोपीडिया. आरामखुर्च्या, भिंतीवर चार्ट, प्रत्येकाला नवीन नाव आणि नवीन व्यवसाय. शिक्षक लांबलचक संवाद आधी संगीताच्या चढउताराबरोबर नाट्यमय वाचणार, मग पुस्तकं बाजूला, मागे टेकून बसायचं, बरोक म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय संगीत आणि तोच संवाद साध्या गतीने परत. पुढे दिवसाला हजार शब्द वगैरे दावे झाले आणि १९७९ मध्ये स्कोव्हेल नावाच्या भाषातज्ज्ञाने टेसॉल क्वार्टर्ली या इंग्रजी शिकवण्यावरच्या नियतकालिकात त्याला चांगलंच झोडपलं. माझ्या मते झोडपलं ते बरंच झालं. त्या बरोकवाल्या विवाल्डीचं संगीत लावलं की व्याकरण आपोआप मुरतं असं काही नसतं. पण ती नवीन नावाची आयडिया मात्र उचल, खरंच, कारण मग चूक आपली नसते, त्या सोंगाची असते.

आता तू काय कर सांगतो. जेकबसनची स्नायू आवळून सैल सोडायची पद्धत माहितीये ना, तीच घे, पण मराठीत नको, जर्मनमध्येच सांग. मुठी आवळा, सोडा, खांदे वर, खाली. आधी स्वतः करून दाखव म्हणजे अर्थ विचारायला कोणी थांबणार नाही, आणि अवयवांची नावं अन् आज्ञार्थ फुकटात होतो. तीन-चार मिनिटं, बास. जास्त ताणलंस तर मागच्या बाकावर घोरणं सुरू होईल.

पण खरी मजा त्याच्या पुढे आहे आणि लोक नेमके तिथेच थांबतात. अंग सैल झालं की त्यांना एका घरात ने. वर्तमानकाळ, छोटी वाक्यं, मध्ये भरपूर गॅप. दार आहे, दाराचा रंग कोणता? आत जा. टेबलावर काहीतरी आहे, काय आहे? कोणीतरी खिडकीशी उभं आहे, तो तुला काहीतरी म्हणतो. तू फक्त विचारायचं, उत्तर द्यायचं नाही, तू स्वतःच "लाल दार" म्हणालास की संपलं सगळं. मग डोळे उघडून लगेच शेजाऱ्याला सांगायचं. आता बघ काय होतं, टेबलावर काय होतं हे फक्त त्या पोरालाच माहितीये, तुझ्याकडे बरोबर उत्तर नाहीये, त्यामुळे तो परीक्षा देत नसतो, बातमी देत असतो. शांत केल्यामुळे बोलतात असं लोक समजतात, मला वाटतं सांगण्यासारखं काहीतरी हातात येतं म्हणून बोलतात. शब्द अडला की मागतात, आणि असा मागून घेतलेला शब्द राहतो. दुसऱ्या दिवशी तेच घर भूतकाळात लिहायला दे.

शब्द पाठ करायलाही चित्र चालतं. १९७५ मध्ये अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या मानसशास्त्रज्ञांनी रशियनचे १२० शब्द घेतले होते, आवाजाशी जुळणारा ओळखीचा शब्द शोधून दोन्हींचं मिळून एक चित्र करायचं, तर त्या गटाला ७२ टक्के आठवले आणि असं चित्र न करणाऱ्यांना ४६. मात्र असले शब्द बोलताना आठवायला वेळ लागतो, म्हणून हट्टी शब्दांपुरतंच ठेव.

आणि हो, डोळे मिटायची सक्ती अजिबात नको. काहींना भरवर्गात डोळे मिटणं नको वाटतं, त्यांनी जमिनीकडे बघावं. काहींना मनात चित्र दिसतच नाही, २०१५ मध्ये अ‍ॅडम झीमन या मेंदूच्या डॉक्टरने त्याला अफँटेझिया नाव दिलं, त्यांना आवाज विचार, वास विचार, नाहीतर सरळ कागदावर रेघोट्या मारू दे. लहानपणीचं घर, आवडती व्यक्ती असलं खाजगी काही तर मुळीच नको, कोणाच्या मनात काय निघेल सांगता येत नाही आणि आपण काही डॉक्टर नाही. अनोळखी घरच बरं.

स्क्रिप्ट आधी लिहून काढ आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐक, तुझा तो एक्स्प्रेस स्पीड तुलाच कळेल. झाली की मला पाठव, गॅप कुठे वाढवायचे ते खुणा करून देतो.

तुझाच,
मंग्या