मॅडम, ते पहिलं वाक्य कामाला आलं

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या माध्यमिक शिक्षकांसाठी तुम्ही डिजिटल नागरिकत्व आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण घेतलंत, त्यात मीही होते. सातपूरच्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. अभिप्रायाचा फॉर्म तेव्हाच भरून दिला होता, पण आज जे लिहायचंय ते तेव्हा घडलेलंच नव्हतं. इतर शिक्षकांच्याही वाचनात यावं म्हणून पत्र उघडच लिहितेय.

एआयने प्रश्नपत्रिका कशी काढायची, टाचण कसं झटपट करायचं, हेच शिकायला मिळेल असं बहुतेकांना वाटलं होतं. ते तुम्ही शिकवलंतही. पण जेवणानंतर आम्हाला जोड्यांनी बसवलंत. एकीने विद्यार्थिनी व्हायचं, दुसरीने बाई. विद्यार्थिनी सांगते, "बाई, कोणीतरी माझा चेहरा दुसऱ्याच फोटोला लावून ग्रुपवर टाकलाय." बाईंच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं? तुम्ही हॉलभर फिरून ती वाक्यं ऐकलीत आणि फळ्यावर लिहिलीत. "मुळात फोटो टाकलासच कशाला?" "मोबाइल कोणी दिला तुला?" "घरी माहीत आहे का?" मग त्यांच्याखाली लिहिलंत, "तू मला सांगितलंस, बरं केलंस." आणि ते प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेतलंत, मागच्या बाकावरच्या सरांकडूनसुद्धा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक मुलगी वर्ग सुटल्यावर माझ्यापाशी रेंगाळली. तिची इयत्ता किंवा इतर काही इथे लिहीत नाही. प्रसंग जवळपास तोच होता. ते वाक्य माझ्या तोंडून सहज निघालं, आणि मग ती बोलत राहिली. आधी चिडलेल्या आवाजाचा कोणी समोर असता तर ती अर्ध्यातच थांबली असती, याबद्दल मला जराही शंका नाही.

पुढचं सगळं तुमच्याकडूनच शिकलेलं. घाबरून काही डिलीट करायचं नाही, खात्याचं नाव, लिंक, तारीख-वेळ टिपून ठेवायची. ते चित्र पुरावा म्हणूनसुद्धा शिक्षकांच्या ग्रुपवर फिरवायचं नाही, कारण १८ वर्षांखालच्या मुलांचं अश्लील चित्र पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७बी खाली गुन्हा आहे. पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्यात, बसणारी गोष्ट कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक असतं, "शाळेतच मिटवू" म्हणता येत नाही. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी तक्रारीचा वेगळा विभाग आहे, तो मुख्याध्यापकांसमोर आणि तिच्या आईसमोर उघडला. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीत लगेच फिरवायचा, आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेचं तर मला फार अप्रूप वाटलं. चित्र कुठेही अपलोड न करता आपल्याच फोनवर त्याचा एक डिजिटल ठसा तयार होतो, फक्त तो ठसा पाठवला जातो, आणि सहभागी कंपन्या तेच चित्र आपल्याकडे सापडलं तर काढून टाकतात. परक्या माणसाला चित्र दाखवावं लागणार नाही, हे कळल्यावर तिच्या आईचा चेहरा सैल झाला.

मुलगी शाळेत येतेय. पहिल्या बाकावर बसते. मॅडम, याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही.

काळाराम मंदिर सत्याग्रहाचा तुमचा प्रयोगही मी वर्गात केला. चॅटबॉटला माहिती विचारायची, छापून घ्यायची आणि मुलांनी लाल पेन घेऊन बसायचं. उत्तर इतकं सफाईदार होतं की आधी कोणाचं पेन हलेना. मग एकाने विचारलं, "बाई, इथे पाण्याचा प्रश्न कुठून आला?" महाडचं चवदार तळं नाशिकला आणून ठेवलं होतं! १९२७ चा महाडचा संगर आणि २ मार्च १९३० ला आपल्या पंचवटीत सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह, दोन्हींची सरमिसळ. हे यंत्र शब्दापुढे कोणता शब्द शोभेल ते ठरवत जातं, खरंखोटं तपासत नाही, हे तुमचं म्हणणं मुलांना त्या लाल खुणांमधून जितकं कळलं तितकं माझ्या व्याख्यानाने कळलं नसतं. पुढच्या तासाला डॉ. आंबेडकरांची येवल्याची १९३५ ची धर्मांतराची घोषणा त्यांनी स्वतःहून पुस्तकातून शोधून आणली.

आणखी एक. एआयने लिहिलेला निबंध पकडणाऱ्या साधनांवर विसंबून मुलाला चोर ठरवू नका, असं तुम्ही बजावलं होतंत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं, हे मी आमच्या स्टाफरूममध्ये सांगितलं. आता शंका आली तर आम्ही मुलाला जवळ बसवून निबंधाबद्दल बोलतं करतो.

प्रशिक्षणात तुम्ही दाखवलेला शाळेच्या गेटजवळच्या बिबट्याचा तो बनावट फोटो, आणि त्यावरून तुम्ही काढलेला राईनपाड्याचा विषय, तो तर कोणीच विसरणार नाही. १ जुलै २०१८ ला आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. बनावट चित्र ओळखायला बोटं, सावल्या मोजत बसू नका, चित्रं दिवसेंदिवस सुधारत जाणार, आधी हे कुठून आलं आणि कोणी टाकलं ते विचारा, असं तुम्ही म्हणालात. मुलं आता घरच्या ग्रुपवरही हेच विचारतात. एका आजोबांनी मला तशी तक्रार केली, आणि ती ऐकून मला फार आनंद झाला.

पुढच्या महिन्यात पालकसभा आहे. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत पाळीवर जाणारे पालक जास्त, म्हणून संध्याकाळी उशिराची वेळ ठरवलीय. पहिल्या वाक्याचा तोच सराव या वेळी आई-वडिलांकडून जोड्यांनी करून घ्यायचा आहे. तुम्हाला जमलं तर जरूर या. नाही जमलं तर विज्ञानाच्या मॅडम आणि मी मिळून घेऊ, फक्त घरात घडणाऱ्या प्रसंगांची तुमच्याकडची यादी तेवढी पाठवा.

आपली कृतज्ञ,
इतिहासाची एक शिक्षिका
सातपूर, नाशिक