पगार किती, एवढंच विचारू नका

महोदय,

आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाला आमच्या खेड तालुक्यात दोनच प्रश्न विचारतात : पगार किती आणि परत कधी जाणार. कामावर मन लागतं का, हे मला बारा वर्षांत कुणी विचारलं नाही. म्हणून हे पत्र.

2011 ते 2023 मी कतारच्या दोह्यात एसीच्या डक्टचं, म्हणजे गार हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांचं काम केलं. नऊ वर्षं एका कंपनीत, पुढे दुसरीत. पगारात फरक फक्त दोनशे रियालचा. पण पहिल्या कंपनीत पहाटेची बस आली की पोटात गोळा यायचा आणि दुसरीत मी पाच मिनिटं आधीच गेटवर जाऊन उभा राहायचो.

पहिल्या कंपनीत पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात. पगार दोन-दोन महिने थकलेला. दुसरीकडे जायचं तर कंपनीचं ना-हरकत पत्र, एनओसी हवी, घरी यायचं तरी देश सोडायची कंपनीची परवानगी, एक्झिट परमिट हवं. वडील अत्यवस्थ होते तेव्हा त्या एका सहीसाठी मी सहा दिवस ऑफिसच्या दाराशी उभा होतो. घरी पोहोचलो तेव्हा अस्थी सावडून झाल्या होत्या.

कतारने 2018 मध्ये बहुतेक कामगारांचं एक्झिट परमिट काढून टाकलं. 2020 मध्ये एनओसीची अटही गेली आणि मी दोन महिन्यांची नोटीस देऊन बाहेर पडलो. नव्या कंपनीत पहिल्याच आठवड्यात केरळचा फोरमन ड्रॉइंग घेऊन आला. डक्टच्या वाटेत बीम आडवा येत होता. "भाई, तू बता, किधर से निकालेगा?" मी खडूने भिंतीवर रेघ मारून दाखवली. डक्ट तिथूनच गेला. डक्टवर गुंडाळायच्या ग्लासवूलची खाज तीच होती, उन्हाळाही तोच. पण माझ्या हाताला अक्कल आहे हे तिथे कुणीतरी धरून चालत होतं. सोडून जाऊ शकणाऱ्या माणसालाच कंपनी विचारते, असं माझं ठाम मत आहे.

तरी माझे कितीतरी सोबती कायदा बदलल्यावरही जुन्याच ठिकाणी राहिले, कारण डोक्यावर एजंटाच्या पैशांचं कर्ज. मी स्वतः आईच्या पाटल्या गहाण टाकून 85 हजार मोजले होते. आज नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. आमच्या पोरांना यातलं काही माहीत नसतं. घरचा ड्रायव्हर म्हणून सौदीला जाणाऱ्यांनाही कुणी सांगत नाही, की 2021 मध्ये तिथे नोकरी बदलायची जी मोकळीक मिळाली ती त्यांच्यासाठी नव्हती.

राज्य सरकारने रत्नागिरी-रायगडमधल्या प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, जाण्याआधी, मराठीत ही माहिती देण्याची सोय करावी. मुंबईचा हेलपाटा घालून ती मिळवणं मजुरी बुडवून जाणाऱ्याला परवडत नाही.

माझा पुतण्या दिवाळीनंतर दोह्याला निघाला आहे. परवा ओट्यावर बसून मी त्याला करारातला मूळ पगार आणि नोटिशीचं कलम मोठ्याने वाचायला लावलं. दोन्ही ठिकाणी तो अडखळला, म्हणून पुन्हा वाचून घेतलं.

– एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)