उघडलेले वलय

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पहिल्या वर्षातले काही महिने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, काही महिने संगणकीय जीवशास्त्राच्या गटात आणि उरलासुरला वेळ स्वतःच्या जिवाणूंपाशी, अशा पीएचडीमुळे ‘मी कशातच धड तयार होत नाही’, असे तू लिहिले आहेस. तक्रार खरी आहे, त्यामुळे नुसता धीर देऊन तिची बोळवण करत नाही.

मी एकाच शास्त्रात वाढले आणि त्याची किंमतही मोजली. माझ्या पीएचडीच्या काळात मी एका जिवाणूचे संदेशरेणू, म्हणजे पेशी बाहेर सोडतात आणि शेजारच्या पेशी ज्यांना प्रतिसाद देतात ते रेणू, शोधत होते. ते ओळखायला दुसराच जिवाणू वापरायचा: क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेशियमचा एक पांढरट म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेला वाण, असतो. तो स्वतः संदेशरेणू बनवू शकत नाही, पण आखूड साखळीचे अ‍ॅसिल होमोसेरिन लॅक्टोन (संदेशरेणूंचा एक प्रकार) बाहेरून मिळाले की जांभळा होतो. तो प्लेटवर पसरायचा, आगरमध्ये भोक पाडायचे, त्यात आपला अर्क सोडायचा आणि दुसऱ्या सकाळी भोकाभोवती जांभळे वलय उमटले आहे का ते पाहायचे, ही माझी रोजची पूजा. माझ्या जिवाणूच्या आठ तास वाढवलेल्या द्रवाचा, म्हणजे कल्चरचा, अर्क घातला की वलय येई, रात्रभर वाढलेल्या कल्चरचा घातला की प्लेट कोरी. दाटी झाल्यावर माझा जिवाणू संदेश पाठवणे बंद करतो, असा मी निष्कर्ष काढला आणि ते ‘बंद करणारे’ जनुक शोधण्यात चार महिने घालवले.

एके दिवशी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने सहज विचारले, ‘तुमच्या माध्यमाचा पीएच शेवटी किती होतो?’ माध्यम म्हणजे जिवाणू ज्यात वाढतात तो द्रव; त्याचा पीएच मी कधी मोजलाच नव्हता. मोजला, तर ८.५ च्या वर. पेप्टोनवर वाढणारे जिवाणू अमोनिया सोडतात, माध्यम अल्कधर्मी होते आणि त्यात लॅक्टोनच्या रेणूतले अणूंचे वलय उघडते; तसा उघडलेला रेणू, तो पकडणाऱ्या ग्राही प्रथिनाला ओळखू येत नाही. गाळलेले माध्यम आम्ल करून ठेवायचे, रेणूचे वलय पुन्हा मिटू द्यायचे आणि मगच अर्क काढायचा, असे त्याने सांगितले. तसे केल्यावर प्लेट जांभळी झाली. जिवाणू गप्प बसलाच नव्हता. माझ्या गाईडना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘हे आपल्या विषयात येत नाही.’ ते वाक्य मला चार महिन्यांपेक्षा जास्त लागले.

या क्षेत्राचा इतिहासही असाच जिन्यांवर घडलेला आहे. नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये दाखवले की प्रकाश देणारे काही सागरी जिवाणू विरळ असताना उजळत नाहीत, आणि दाट झाल्यावर त्यांनीच माध्यमात सोडलेल्या पदार्थामुळे उजळतात. पण तो पदार्थ म्हणजे नेमका कोणता रेणू, हे ठरायला १९८१ उजाडले. अशा गर्दी ओळखण्याला मिळालेले ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव तर १९९४ चे. २००२ मध्ये दुसऱ्या एका संदेशरेणूची रचना उलगडली, ती त्याला पकडून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या स्फटिकामुळे, आणि रेणूत निघाला चक्क बोरॉनचा अणू. जनुकांकडे कितीही वेळ पाहत बसले असते, तरी बोरॉन कोणाला दिसला नसता.

जर्मनीतल्या येना येथे सूक्ष्मजीव संवादासाठी २००७ पासून स्वतंत्र पदवीधर संशोधन शाळा चालली, आणि त्या गावातली दोन कामे तू नीट वाचावीस. भाताच्या रोपांना मारणारे विष ऱ्हायझोपस बुरशीचे मानले जात होते. ते तिच्या पेशींच्या आत राहणारा जिवाणू बनवतो, हे २००५ मध्ये तिथल्या नैसर्गिक संयुगांच्या रसायनतज्ज्ञांनी दाखवले. पुढे २००९ मध्ये असे दिसले की अ‍ॅस्परजिलस बुरशीतला एक निद्रिस्त जनुकसमूह एका स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूचा प्रत्यक्ष स्पर्श झाल्यावर जागा होतो. जिवाणूचे नुसते गाळलेले माध्यम दिले तर तो जागा होत नाही. दोघांना एकाच फ्लास्कमध्ये वाढवावे, हेच मुळात शुद्ध कल्चरच्या शिस्तीत वाढलेल्या माझ्यासारखीच्या मनात आले नसते.

म्हणून त्या काही महिन्यांत तू रसायनतज्ज्ञ होणार नाहीस, आणि तशी अपेक्षाही धरू नकोस. हात तयार होऊ दे तो जिवाणूंवरच. रसायनाच्या प्रयोगशाळेतून मात्र इतके घेऊन ये की कोणता रेणू कशात विरघळतो, कशाने मोडतो आणि कोरे माध्यम यंत्रातून चालवल्यावर आलेखात कोणती शिखरे (पीक) दिसतात, हे तुला कोणाला विचारावे लागू नये. संगणकाच्या गटात सॉफ्टवेअर शिकशीलच. त्यापेक्षा तुझी आकडेवारी ज्या गृहीतकांवर उभी आहे, ती त्यांच्याकडून वदवून घे.

दोन गाईड असल्याचा त्रास होईल, तो सोसावा लागतो. प्रत्येक बैठकीत काय ठरले ते त्याच संध्याकाळी दोघांनाही लिहून पाठवत जा.

आणि तुझ्या प्रस्तावाच्या शीर्षकातला ‘संवाद’ हा शब्द मला खटकला. पेशीतून रेणू बाहेर पडला आणि शेजारच्या पेशीने प्रतिसाद दिला, एवढ्याने संवाद ठरत नाही. ते नुसते गळलेले टाकाऊ द्रव्यही असू शकते. रोझमेरी रेडफील्ड यांनी २००२ मध्ये अशीच शंका मांडली होती, की पेशी कदाचित गर्दी मोजतच नसेल, सोडलेला पदार्थ आपल्याभोवतून किती वेगाने वाहून जातो एवढेच चाचपत असेल. तुझ्या समितीत उत्क्रांतीचा अभ्यासक असेल तर तो हेच विचारणार, आणि त्याचे उत्तर जांभळ्या वलयात मिळणार नाही. पाठवणाऱ्याला त्या रेणूचा काय लाभ होतो, हे तपासणारा एक तरी प्रयोग प्रस्तावात घाल, नाहीतर शीर्षक बदल.

पुढच्या पत्रात तुझ्या कल्चरचे चोवीस तासांचे पीएचचे आकडे लिहून पाठव, दर दोन तासांचे.

तुझी,
आई